शांतता कोणाच्या जिवावर? फ्रान्समधल्या निवांत सायकलप्रवासाची चिकित्सा



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला फ्रान्समधल्या सायकल सहलींचं काय पडलंय? प्रश्न रास्त आहे. विषय सायकलचा वाटला, तरी माझं खरं लक्ष 'शांतता' या शब्दावर आहे. सायकल हे त्या शब्दापाशी पोचायचं वाहन म्हणा.

अलीकडे आपल्याकडचेही लोक फ्रान्सला सायकल चालवायला जाऊ लागले आहेत. परत आल्यावर ते लिहितात, फोटो दाखवतात. ही वर्णनं मी आवडीने वाचतो, तिकडची माहितीपत्रकंही वाचतो. या सगळ्यांचा एक साचा ठरलेला आहे. गाड्या नाहीत, हॉर्न नाही, वेळ थांबल्यासारखा, आणि आपण निसर्गाच्या कुशीत. मला या साच्याची चिकित्सा करायची आहे. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. साठी उलटल्यावर मी स्वतः तूलूझपासून कालव्याच्या काठाने काही दिवस सायकल चालवली आहे, आणि ती शांतता अस्सल आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. या वर्णनांत शांतता ही आयती सापडलेली गोष्ट असते, नदी किंवा डोंगर सापडावा तशी. प्रत्यक्षात ती घडलेली असते. काही ठिकाणी ती मुद्दाम घडवलेली आहे, आणि काही ठिकाणी कोणाच्या तरी नुकसानीनंतर ती मागे उरलेली आहे. हा फरक केला नाही तर आपण एका अवस्थेचं कौतुक करतो आणि तिचं कारण विसरतो. कारण विसरलं की मूल्यमापन चुकतं. आजचं सगळं व्याख्यान या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी कालव्याकडे जाऊ. कनाल द्यु मिदी. तूलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या सेतपर्यंत सुमारे २४० किलोमीटर. चौदाव्या लुईच्या काळात १६६६ ते १६८१ या पंधरा वर्षांत तो खोदला गेला. करणारा माणूस पिएर-पॉल रिके. हा काही अभियंता नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी होता. कालवा वाहतुकीला खुला व्हायच्या काही महिने आधी, १६८० मध्ये, तो वारला. स्पेनला वळसा न घालता अटलांटिककडून भूमध्याकडे माल नेता यावा, असा हेतू होता. मोठी अडचण पाण्याची होती. मधला उंचवटा, नोरूझचा, तिथे पाणी चढवणार कसं? रिकेने काळ्या डोंगरातले ओढे वळवून पाणी त्या उंचवट्यावर आणलं, आणि तिथून ते दोन्ही बाजूंना सोडलं. कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत मजूर होते, त्यांत बायाही होत्या.

आता आज सायकलवाला कुठून जातो? बोटी ओढणारे घोडे आणि माणसं ज्या पायवाटेने चालायची, त्या वाटेने. वाट जवळजवळ सपाट आहे याचं कारण पाणी सपाट असतं. चढ लागतो तो फक्त लॉकपाशी, म्हणजे जिथे दरवाजे लावून पाण्याची पातळी बदलतात तिथे. बेझिएजवळ फोंसेरानला असे लॉक ओळीने एकाखाली एक, जिन्यासारखे आहेत. म्हणजे ज्या वाटेला आपण 'निवांत' म्हणतो, ती सतराव्या शतकातल्या युरोपातल्या सर्वांत मोठ्या बांधकामांपैकी एकाची सर्व्हिस रोड आहे! तिथे ओरडाआरडा असायचा, घोड्यांची लीद असायची, धान्य आणि दारूची पिंपं असायची.

मग ती शांत कधी झाली? १८५८ मध्ये रेल्वे कंपनीने हा कालवा चाळीस वर्षांच्या कराराने ताब्यात घेतला. स्पर्धकाच्या हाती किल्ली दिल्यावर जे व्हायचं ते झालं. माल रुळांवर गेला. विसाव्या शतकात रुळांवरचा माल ट्रकवर गेला. १९८० च्या दशकात कालव्यावरची मालवाहतूक संपलीच. १९९६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. हा क्रम लक्षात ठेवा: आधी धंदा, मग मरण, मग वारसा. आणि वारसा झाल्यावर शांतता.

तिथली सावलीसुद्धा तशीच. काठावर सुमारे ४२ हजार प्लेनची झाडं होती, आपल्या काश्मिरी चिनारच्या जातकुळीतली. त्यांच्या कमानीचे फोटो तुम्ही पाहिले असतील. ही बहुतेक लागवड एकोणिसाव्या शतकातली आहे. २००६ मध्ये त्यांना एका बुरशीची लागण झाल्याचं लक्षात आलं. ती दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून दक्षिण फ्रान्समध्ये आली, असं मानलं जातं. औषध नाही, झाड तोडून जाळणं एवढाच उपाय. हजारो झाडं गेली, नवी वेगळ्या जातींची लावली जात आहेत. कापलेल्या पट्ट्यातून दुपारी सायकल चालवली की कळतं, की 'निसर्गाची कूस' ही सरकारी खात्याने लावलेली, पोसलेली आणि आता पुन्हा लावावी लागणारी गोष्ट आहे. माहितीपत्रकात अजून जुनी कमानच छापतात.

दुसरा प्रकार रुळांच्या वाटेचा. फ्रेंचमध्ये यांना 'व्हॉआ व्हेर्त', हिरवी वाट म्हणतात. २००४ पासून वाहतुकीच्या नियमांत तिची व्याख्याच आहे: इंजिन नसलेली वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार, एवढ्यांसाठीच राखलेला रस्ता. तिथली पहिली हिरवी वाट म्हणून बुर्गोन्यमधली झिव्री ते क्ल्युनी ही ४४ किलोमीटरची वाट ओळखली जाते, १९९७ ची. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली. रेल्वेला मोठे चढ झेपत नाहीत, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्या आमच्यासारख्यांना ती वाट फार मानवते. क्ल्युनीच्या पुढे माकोंच्या दिशेला एक बोगदा लागतो, सोळाशे मीटर लांबीचा. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण तिथे वटवाघळं झोपलेली असतात. मला हे फार आवडतं. एकेकाळी जिथून आगगाडी धूर सोडत जायची, तिथे आता वटवाघळाची झोप मोडू नये म्हणून माणसाने वळसा घ्यायचा.

पण चिकित्सा इथेच थांबवता येत नाही. हे रूळ घातले कशाला होते? १८७८ मध्ये फ्रेसिने या मंत्र्याने योजना आखली, की तालुक्याच्या दर्जाचं प्रत्येक गाव रेल्वेला जोडलेलं हवं. प्रजासत्ताक नवीन होतं. रेल्वे म्हणजे समान नागरिकत्व, असा तो विचार होता. पॅरिसच्या माणसाला जे मिळतं ते डोंगराळ खेड्यातल्यालाही मिळावं. १९३० च्या आसपास मुख्य जाळंच चाळीस हजार किलोमीटरच्या वर गेलं होतं, शिवाय स्थानिक अरुंद रूळ वेगळे. आज चालू मार्ग सुमारे २८ हजार किलोमीटर आहेत. मधला जो फरक आहे, त्याच्याच एका भागावर आपण सायकल चालवतो. ही वाट म्हणजे मागे घेतलेलं एक आश्वासन आहे, वर डांबर घातलेलं. डांबर घातलं म्हणजे पाप झालं असं नाही. रूळ उखडून जमीन तुकड्यातुकड्याने विकली गेली असती, तर ती वाट कायमची गेली असती. सायकलवाटेमुळे निदान तो पट्टा सार्वजनिक राहिला. तरी ज्यांना त्या गावात पुन्हा गाडी यावी असं वाटतं, त्यांना ही वाट म्हणजे शेवटचा खिळा वाटू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता तिसरा प्रकार. माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा, आणि प्रवासवर्णनांत याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. तो म्हणजे साधा गावरस्ता. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार ग्रामपालिका आहेत, काहींत शंभरसुद्धा माणसं नाहीत. त्यांच्या ताब्यातले रस्ते सुमारे सात लाख किलोमीटर, जिल्ह्यांचे रस्ते आणखी पावणेचार लाखांच्या वर. महामार्ग, ज्यांच्यावर सायकलला बंदी, ते जेमतेम बारा हजार किलोमीटर. याचा अर्थ समजून घ्या. एका गावातून दुसऱ्या गावी जायला बहुधा तीन रस्ते असतात. गाड्या एकावर जातात, बाकी दोन रिकामे. ज्याला नकाशा वाचता येतो, त्याला वेगळी सायकलवाट लागतच नाही.

हे जाळं आलं कुठून? १८३६ च्या कायद्याने गावरस्त्यांची देखभाल ग्रामपालिकांवर बंधनकारक झाली. गावकऱ्याने वर्षाला तीन दिवसांपर्यंत रस्त्यावर राबायचं, नाहीतर तेवढे पैसे भरायचे. म्हणजे त्या सुंदर, वळणावळणाच्या, कुंपणांच्या मधल्या रस्त्यात पिढ्यान्पिढ्यांची मजुरी मुरलेली आहे. आणि मग ती माणसं निघून गेली. मध्य फ्रान्समधला क्रझ हा जिल्हा घ्या. १८५१ मध्ये तिथे २ लाख ८७ हजार लोक होते. आज सव्वा लाखसुद्धा नाहीत. शेतीत यंत्रं आली, तरुण पॅरिसला गवंडीकामाला गेले ते तिकडचेच झाले, आणि पहिल्या महायुद्धात साऱ्या देशाचे तेरा-चौदा लाख सैनिक मेले. प्रत्येक खेड्याच्या चौकात त्या मृतांच्या नावांचा दगड आहे. काही गावांत ती यादी वाचताना प्रश्न पडतो, की आज या गावात एवढी तरुण माणसं तरी आहेत का?

तिथे सायकलवाल्यांत एक माहीत असलेली युक्ती आहे. उन्हात पाणी संपलं, दुकान बंद, हॉटेल कधीच बंद पडलेलं, तर सरळ गावच्या स्मशानात जायचं. कबरींवरच्या फुलांना घालायला तिथे नळ असतो. पाणी पिण्याजोगं आहे का ते पाटीवर बघायचं आणि बाटली भरून घ्यायची. गावातली शेवटची चालू असलेली सार्वजनिक सोय स्मशानातला नळ असावी, यात त्या शांततेचं सगळं अर्थशास्त्र आलं.

आता खरा प्रश्न. ही रिकामी वाट मला शांतता वाटते. तिथे राहणाऱ्याला ती काय वाटते? स्टेशन गेलं, मग पोस्ट गेलं, मग शाळा, मग पाववाला. आता पाव आणायला, डॉक्टरकडे जायला, कामावर जायला गाडी काढल्याशिवाय गत्यंतर नाही. २०१८ च्या जुलैत सरकारने दुहेरी रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी नव्वदवरून ऐंशीवर आणली. वर्षाच्या अखेरीस इंधनावरचा कर आणखी वाढवायचं ठरलं. नोव्हेंबरमध्ये पिवळी जाकिटं घातलेली माणसं चौकाचौकांत उभी राहिली. दोन्ही निर्णय सायकलवाल्याच्या हिताचे होते! हवा स्वच्छ, रस्ता सुरक्षित. पण गाडीवाचून ज्याचं पानही हलत नाही, त्याला ते आपल्या अंगावर आल्यासारखे वाटले. पुढे डिसेंबरमध्ये करवाढ मागे घेतली गेली आणि नंतर जिल्ह्यांना पुन्हा नव्वद करण्याची मुभा मिळाली. पिवळ्या जाकिटांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की ज्या रस्त्यावर पाहुण्याला शांतता मिळते त्याच रस्त्यावर यजमानाची कोंडी असू शकते, आणि जे वर्णन फक्त पहिली गोष्ट सांगतं ते अपुरं आहे.

याचं दुसरं टोक गमतीदार आहे. ओलेराँ बेटावर मोरिस नावाचा कोंबडा होता. पहाटे आरवायचा. सुट्टीसाठी घर घेतलेल्या शेजाऱ्यांनी शांतता भंग होते म्हणून दावा लावला. २०१९ मध्ये न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. २०२१ च्या जानेवारीत तर कायदाच झाला, की खेड्यातले आवाज आणि वास हाही देशाचा वारसा आहे. म्हणजे घंटा, कोंबडे, शेण, ट्रॅक्टर. मला हा कायदा तात्त्विकदृष्ट्या महत्त्वाचा वाटतो. त्याने शांततेची व्याख्या बदलली. आवाज नसणं म्हणजे शांतता नव्हे. त्या जागेचे स्वतःचे आवाज ऐकू येणं म्हणजे शांतता. मोटारीचा आवाज वाईट तो नुसता मोठा असतो म्हणून नाही. तो प्रत्येक जागी सारखाच असतो आणि त्या जागेचा आवाज झाकून टाकतो, म्हणून वाईट.

मार्क ओजे या मानववंशशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये महामार्ग, विमानतळ, सुपरमार्केट यांना 'अ-स्थळं' म्हटलं होतं. जिथे नाती नाहीत, इतिहास नाही, आपण नुसते जाणारे असतो. याच ओजेने २००८ मध्ये सायकलची स्तुती करणारं छोटं पुस्तक लिहिलं. पण माझ्या मनात एक शंका आहे. पूर्णपणे वेगळी काढलेली, एकसारख्या पाट्यांची, सामान गाडीने पुढच्या मुक्कामी पोचवलं जाणारी सायकलवाट हीसुद्धा हळूहळू अ-स्थळ होऊ शकते. ल्वार नदीकाठची वाट सुमारे नऊशे किलोमीटरची आहे. माहितीपत्रकात राजवाडे असतात. त्याच नदीकाठी चार अणुवीज केंद्रं आहेत, ती फोटोत नसतात. आणि वाटेवर हल्ली ज्या बॅटरीच्या सायकली दिसतात, त्या रात्री चार्ज होतात त्यातली बरीचशी वीज अशाच केंद्रांतली असते. मला त्या शीतमनोऱ्यांचा राग नाही. माझं म्हणणं, राजवाडा बघितला तर मनोराही बघा. दोन्ही त्या त्या काळातल्या सत्तेच्याच खुणा आहेत.

आता सायकलकडे येतो. सायकलप्रवासाला 'सायक्लोतुरिझ्म' हा शब्द रूढ करणारा माणूस पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसियो. १८५३ ते १९३०. सेंत-एतियेनचा. शाकाहारी, एस्पेरांतोचा पुरस्कर्ता, आणि गिअरसाठी आयुष्यभर भांडलेला. त्याने सायकलप्रवाशांसाठी काही आज्ञा सांगितल्या होत्या. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, अशा. शेवटच्या आज्ञेचा आशय असा, की मोठेपणा मिरवायला पायडल मारू नका. त्याच्या उलट टोकाला आंरी देग्रांज, १९०३ मध्ये 'तूर द फ्रान्स' सुरू करणारा. त्याला गिअर म्हणजे दुबळेपणा वाटायचा. पंचेचाळिशी उलटलेल्यांना गिअर ठीक, असं त्याच्या नावावर सांगितलं जातं. त्या शर्यतीत गिअर बदलायची आजची यंत्रणा वापरायला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये, देग्रांज बाजूला झाल्यावर. हा वाद यंत्राचा दिसतो, पण होता शरीराचा. शरीर हे सिद्ध करण्यासाठी आहे की जगाला भेटण्यासाठी?

आपल्याकडच्यांना हा वाद परका नाही. पुण्या-मुंबईचे कितीतरी सायकलपटू दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे पूर्ण करून 'पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस'ला जातात. बाराशे किलोमीटर, जास्तीत जास्त नव्वद तास. १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली ही परंपरा आहे. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. फक्त त्यांनी बघितलेला फ्रान्स हा घड्याळातला फ्रान्स असतो. त्याच रस्त्यांवरून कधी घड्याळ काढून जा, एवढंच सुचवेन.

गाड्या नसलेल्या रस्त्यांचा इतिहासही एकाच रंगाचा नाही. १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये कामगारांना पहिल्यांदा कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात हजारो जोडपी दोघांच्या सायकलींवर, कॅरिअरला तंबू बांधून निघाली. रस्ते मोकळे होते, कारण मोटार अजून श्रीमंतांची होती. पाचच वर्षांनी, १९४१ च्या उन्हाळ्यात, सिमोन द बोव्हार आणि सार्त्र सायकलवरून दक्षिणेत हिंडत होते. प्रतिकाराच्या कामासाठी जीद आणि मालरो यांना भेटायचं होतं. बोव्हारच्या आठवणींत आहे, की सार्त्र चढावर जोर लावायचा, पण सपाटीवर विचारात गढून कधी कधी थेट खड्ड्यात जायचा. तेव्हाही रस्ते मोकळे होते. कारण? देश जर्मनांच्या ताब्यात होता आणि पेट्रोल मिळत नव्हतं. आता सांगा, फोटो काढला असता तर १९३६ चा रिकामा रस्ता आणि १९४१ चा रिकामा रस्ता यांत काय फरक दिसला असता? काहीच नाही. एक रजेची शांतता, एक पारतंत्र्याची. म्हणून म्हणतो, शांततेचं कारण विचारल्याशिवाय तिचं मूल्य ठरवता येत नाही.

इव्हान इलिचने १९७३ मध्ये असं मांडलं, की अमेरिकी माणूस मोटारीत बसण्यात आणि मोटारीसाठी पैसे मिळवण्यात मिळून वर्षाला सोळाशे तास घालवतो आणि त्या बदल्यात सुमारे बारा हजार किलोमीटर जातो. भागाकार केला तर तासाला साडेसात किलोमीटर. म्हणजे भरभर चालणारा माणूस त्याच्या फार मागे नाही! इलिचचा मोठा मुद्दा असा, की सायकलच्या वेगापलीकडे गेलं की एकाची गती दुसऱ्याचा वेळ खाऊ लागते. हिशोबात खोट काढता येईल, पण दिशा बरोबर आहे. माझी दुरुस्ती एवढीच, की गतीप्रमाणे शांतताही दुसऱ्याच्या वाट्याची खाता येते.

मग निर्णय काय? शांतता दोन तऱ्हांनी मिळते. एक, वेगळं काढून: गाड्या तिकडे, आपण इकडे. दुसरी, आवर घालून: रस्ता एकच, पण बलवान दुबळ्यासाठी थांबतो. फ्रान्समध्ये दुसऱ्या तऱ्हेचीही परंपरा आहे, तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. १९७२ मध्ये तिथे रस्त्यांवर अठरा हजारांवर माणसं मेली. आज तो आकडा साडेतीन हजारांच्या आत आहे. १९८५ च्या बादँतेर कायद्याने ठरवलं, की मोटारीच्या अपघातात पायी चालणारा किंवा सायकलवाला जखमी झाला, तर अगदी अक्षम्य चूक असल्याशिवाय त्याला भरपाई मिळालीच पाहिजे. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं, हाही नियम आहे. तिथल्या गावरस्त्यावर मागून आलेली गाडी वळण संपेपर्यंत मुकाट्याने मागे राहते, तेव्हा मला जी शांतता जाणवली ती कालव्याकाठच्या शांततेपेक्षा मोलाची होती. कालव्याकाठी मला कोणी त्रास देऊ शकत नव्हतं. इथे देऊ शकत होतं, आणि दिला नाही. पहिली सोय आहे, दुसरं नीतिमूल्य आहे.

वेगळ्या वाटा नकोत असा याचा अर्थ नाही. लहान मूल, म्हातारं माणूस, पहिल्यांदा सायकलवर बसलेली बाई, यांना त्या हव्यातच. त्यांना आधी भीतीतून सोडवलं पाहिजे. पण सगळी शांतता वेगळ्या वाटेत भरून ठेवली, तर उरलेले रस्ते आपण कायमचे गाड्यांच्या नावावर करून देतो. हे भान ठेवून जा. जाताना त्या गावातल्या उघड्या असलेल्या एकुलत्या एक दुकानात काहीतरी विकत घ्या. दगडावरची नावं वाचा.

(व्याख्यानानंतरची काही प्रश्नोत्तरं)

प्रश्न: सर, इतकी कारणं शोधत बसलं तर प्रवासाचा आनंदच जाईल ना?

उत्तर: संगीत कळायला लागलं म्हणून गाण्याचा आनंद जातो का? वाढतो. जातो तो फक्त भाबडेपणा. आणि सायकलवर विचार करायला भरपूर वेळ असतो. सार्त्रसारखं खड्ड्यात जाऊ नका म्हणजे झालं.

प्रश्न: आपल्याकडे बंद पडलेल्या नॅरोगेज मार्गांवर अशा सायकलवाटा करता येतील का?

उत्तर: तांत्रिकदृष्ट्या येतील. पण आधी तिथल्या माणसाला विचारा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला बंद पडली, तेव्हा तिथल्या लोकांची मागणी होती ब्रॉडगेजची. त्यांना गाडी हवी आहे. आपण शहरातून जाऊन त्यांना म्हणायचं, की तुमची गाडी गेली तर जाऊ दे, आम्हाला छान सायकलवाट करू या, हे शोभणार नाही. जिथे गाडी परत येण्याची शक्यताच नाही आणि गावाचीच इच्छा आहे, तिथे जरूर करा. जमीन सार्वजनिक राहील हाही फायदाच आहे.

प्रश्न: पहिल्यांदा जाणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

उत्तर: तूलूझहून. तिथून पूर्वेकडची पहिली पन्नासेक किलोमीटर कालव्याची वाट पक्की आहे, पुढे झाडांची मुळं आणि खडबडीत माती लागते. दोन दिवस त्या वाटेने जा. तिसऱ्या दिवशी कालवा सोडून एखाद्या बारक्या गावरस्त्याला लागा. मी जे तासभर बोललो ते तुम्हाला तिथे पहिल्या दहा किलोमीटरमध्ये दिसेल, आणि नाही पटलं तर परत येऊन माझ्याशी वाद घाला.